चारशे बारा मतं

सुनावणी दुपारी चारची होती, पण अण्णा बारा वाजताच इस्त्रीचा शर्ट चढवून तयार होते. जेवताना डाग पडू नये म्हणून आईने त्यांच्या मांडीवर टॉवेल टाकला. तो त्यांनी उचलून खुर्चीच्या पाठीवर भिरकावला.

"मी काही लहान पोर नाही."

"लहान पोराला सांगितलेलं कळतं," आई म्हणाली.

थोरला नेमका तेव्हाच आला. जेवणाच्या वेळेला आला, पण पानावर बसला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. जुनी गल्ली पाडून तिथं 'आपली गल्ली' नावाचा बाजार उभा राहिला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्याची पाठ या घराकडे होती. तीनमजली, सायीच्या रंगाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग भिंत. ना दार, ना खिडकी. पुढच्या बाजूला, मोठ्या रस्त्याकडे, कमानी होत्या, कंदील होते, कुणालाही उभं राहता येणार नाही असे लाकडी सज्जे होते. अगदी जुन्या गल्लीसारखं, असं जाहिरातीत म्हटलं होतं. लोक लांबून लांबून बघायला येत. अण्णांच्या वस्तीतल्या माणसाला तिथं जायचं तर भिंतीला वळसा घालून, गाड्यांच्या तळातून वाट काढत, बावीस मिनिटं चालावं लागे.

"अण्णा, आज बोलू नका," थोरला म्हणाला.

"नाव नोंदवलंय. सतरावा नंबर आहे."

"नंबर गेला खड्ड्यात. वर टेबलाशी कोण बसणार आहे, ठाऊक आहे ना? बाजार बांधणाऱ्या कंपनीचे साहेब, आणि त्यांच्या शेजारी आपली धाकटी. बाजाराच्या दुसऱ्या टप्प्याचे नकाशे तीच समजावणार. तुम्ही उठून काहीबाही बोललात की झाली तिची शोभा."

"ती तिथं माझी मुलगी म्हणून बसणार नाही. मीही बाप म्हणून बोलणार नाही. चाळीस वर्षं त्या गल्लीतल्या पाट्या रंगवल्यात मी. तेवढ्याच अधिकारानं बोलेन."

"आई, तू तरी सांग त्यांना."

"तुझं काम असलं की मी सांगायचं, त्यांचं काम असलं की मी ऐकायचं," आई ताट उचलत म्हणाली. "छान वाटणी केलीत दोघांनी माझी."

थोरल्याचं काम होतं, हे खरंच. दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली की त्याचं दुकान आतल्या बोळातून मोक्याच्या कोपऱ्यावर जाणार होतं. दुकान नावाने आईचंच. जुन्या गल्लीत आईने एकतीस वर्षं बटणं, सुया, दोऱ्याची रिळं विकली होती. सगळे तिला बटणवाली म्हणत. थोरल्याने नव्या बाजारात गाळा घेतला आणि वर तेच नाव लावलं. आत मात्र भेटवस्तू मिळत. दर्शनी फळीवर रंगीत बटणांनी भरलेल्या काचेच्या बरण्या होत्या, शोभेच्या, झाकणं चिकटवून टाकलेल्या. पहिल्या आठवड्यात आई तिथं गेली होती तेव्हा एका बाईला कोटाचं बटण हवं होतं. आईने बरणी घेतली, झाकण फिरवून फिरवून पाहिलं, आणि मग त्या बाईला 'संपली' असं सांगितलं. त्यानंतर ती दुकानात गेली नव्हती.

"लोकांना आवडतं ते, अण्णा," थोरला आता आर्जवावर आला. "मतं मागवली होती. चारशे बारा कागद आलेत. बहुतेक सगळे खूष आहेत."

"विचारलं कसं होतं? आवडतं की फार आवडतं?"

आईला हसू आलं. थोरल्याला नाही आलं. तो किल्ली खुळखुळवत म्हणाला, "गाडीतून सोडतो. चला."

"आम्ही चालत येऊ," अण्णा म्हणाले, आणि त्या 'आम्ही'मुळे थोरल्याला कळलं की आईही निघालीय.

*

चारशे बाराच्या चारशे बारा कागद धाकटीने स्वतः वाचले होते. कंपनीला फक्त आकडे हवे होते : दोनशे सत्त्याण्णव बाजूने, अडुसष्ट विरुद्ध, उरलेल्यांनी गाड्या कुठे लावायच्या एवढंच विचारलं होतं. पण तिला आकड्यांवर थांबवेना.

'मस्त. फोटो छान येतात.' 'माझी आजी रडली, म्हणाली अस्संच होतं.' 'मुलगा विहिरीत वाकून बघायला गेला, आत पंखा फिरत होता.' 'बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं.' 'सज्ज्यात माणसं का नाहीत?' 'खोटं आहे, पण स्वच्छ आहे.' हा शेवटचा कागद तिने गठ्ठ्यात परत ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला. पाच वर्षं राबून तिने जे उभं केलं होतं, त्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

शाळेचं सभागृह भरून गेलं होतं. पंखे होते, पण हवा नव्हती. टेबलाच्या मधोमध सुनावणीच्या अधिकारी बाई, उजवीकडे कंपनीचे साहेब, त्यांच्या शेजारी ती. तिने नकाशा पडद्यावर दाखवला. मोकळं मैदान, त्याच्या कडेने बस थांब्याकडे जाणारी पायवाट. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही बाजाराच्या आत जाणार होती. मागच्या वस्तीला बाजाराकडे आणि थांब्याकडे नेणारी त्यातल्या त्यात जवळची वाट हीच, बावीस मिनिटांची.

दुसऱ्या रांगेत तिचं घर बसलं होतं. अण्णा ताठ, आई पर्स मांडीवर घेऊन, आणि थोरला मोबाईलमध्ये डोकं घालून.

अण्णांचा तिच्यावरचा राग पाटीपासून सुरू झाला होता. त्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो तिच्याकडे होते. गल्ली पाडली तेव्हा ती अक्षरं तरी टिकावीत म्हणून तिने त्यांवरून संगणकासाठी अख्खी वर्णमाला करून घेतली. नव्या बाजारातली प्रत्येक पाटी, लिफ्टमधली सूचनासुद्धा, अण्णांच्या वळणात होती. तिला वाटलं, त्यांचा ऊर भरून येईल. उद्घाटनाच्या दिवशी अण्णा 'बाहेर जाण्याचा मार्ग' या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. "हे मी कधी लिहिलं?" एवढंच म्हणाले, आणि दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत.

मागच्या भिंतीबद्दल तर कुणी काही विचारलंच नाही. नकाशे तिचे, म्हणजे भिंत तिची. तिनेही तो समज खोडून काढला नव्हता.

"सोळा नंबर झाले," अधिकारी बाई म्हणाल्या. "सतरा?"

*

अण्णांनी भाषण पाठ केलं होतं. उभं राहिल्यावर पहिलंच वाक्य गेलं, मग उरलेलं आपोआप गेलं. ते पाट्या रंगवताना करत तसं त्यांनी केलं, मनात मधोमध एक रेघ मारली आणि तिथून सुरुवात केली.

"गल्ली म्हणजे कंदील नव्हे. गल्लीला पायरी असते. आमच्या दर दुकानाला एक पायरी होती आणि तिच्यावर कुणीही टेकायचं. घ्यायचं असो, नसो. तुमच्या गल्लीतही पायऱ्या आहेत, पण त्यांवर कुंड्या मांडल्यात, कुणी टेकू नये म्हणून. गल्लीला दोन तोंडं असतात. हिला पुढून तोंड आहे आणि मागून पाठ. ज्यांची गल्ली होती, त्यांच्याकडेच पाठ. आणि नऊ वाजता फाटक लावता. गल्लीला कुलूप लावलेलं कुणी ऐकलंय का?"

मागून टाळ्या आल्या. वस्तीतल्या निवृत्त पोस्टमनने बाकावर थाप मारली. विरोधाच्या सह्या त्यानेच दारोदार फिरून जमवल्या होत्या. लोक ऐकत होते.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. कडेला बाबागाडी, तीत झोपलेलं मूल.

"काका, मी त्याच गल्लीत वाढलेय. तुमची पायरी मला आठवते. त्या पायरीवर बसणारे कोण होते, तेही आठवतं. शाळेतून येताना मी ती गल्ली पळत पार करायचे. गटार उघडं होतं, माझा भाऊ त्यात पडला होता. आता मी ही गाडी ढकलत एकटी जाते. दिवे असतात, फरशी सपाट असते, कुणी अंगावर येत नाही. तुम्ही म्हणता ते खोटं आहे. असेल. मला खोटं चालतं."

या वेळच्या टाळ्या सगळीकडून आल्या. अण्णांनी वळून पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांच्याच वस्तीतली माणसं होती, ज्यांच्या दारावरची नावं त्यांनी फुकट रंगवून दिली होती.

बसायला हवं होतं. बसणार होते. पण ओठांवर कडवट काहीतरी आलं होतं आणि ते गिळता येईना.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दोष तुमचा नाही. ज्यांनी हे काढलं, त्यांना गल्ली काय ते ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी आपल्याच घराच्या तोंडावर भिंत बांधली. ही वर बसलीय, तिला पहिलं अक्षर मी शिकवलं. हात धरून. माझंच चुकलं."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली.

*

आई काही बोलण्यासाठी आली नव्हती. तिचं नाव यादीत नव्हतं. ती उठली ती फक्त नवऱ्याला खाली बसवायला. त्यांचा दंड धरून तिने त्यांना बसवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आता सगळे तिच्याकडे बघताहेत.

"तुम्हाला काही सांगायचंय का, आजी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मुलीसाठी एखादं चांगलं वाक्य बोलावं आणि बसावं, असं तिला वाटलं.

"मला ती जागा आवडते," ती म्हणाली. "माझ्या मुलीनं चांगली केलीय. मी त्या गल्लीत एकतीस वर्षं दुकानावर बसले. बटणवाली मी." कुणीतरी ओळखीचं हसलं. "एकतीस वर्षं मी सकाळी निघताना पाणी प्यायले नाही. दुकानातही नाही. कारण गल्लीत बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुष आडोशाला जायचे. आम्ही घरी जाईपर्यंत थांबायचो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. पुढं मूत्रपिंडाचं दुखणं झालं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पिता का? मी म्हटलं, तहान लागत नाही."

अण्णांनी मान वर केली नाही. त्यांनी त्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात अकरा दिवस काढले होते आणि भेटायला येणाऱ्याला सांगत होते, की हिच्या माहेरीच ते दुखणं आहे.

"नव्या जागेत बायकांसाठी चार खोल्या आहेत. चारींना कड्या आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत नुसती उभी राहिले आणि कडी लावून बघितली, काढून बघितली. म्हणून मला ते आवडतं. पण तिथं जायला मला भिंतीला वळसा घालावा लागतो, आणि आता ती पायवाटही जाणार. या वयात बावीस मिनिटं मला थांबवत नाही. तुमच्या भिंतीत एक दार करा. मोठं नको. एक बाई जाईल एवढं."

टाळ्या वाजल्या नाहीत. बाबागाडीवाली बाई खाली बघत होती.

"मागच्या बाजूला दार का नाही?" अधिकारी बाईंनी टेबलाकडे वळून विचारलं.

कंपनीच्या साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. तिने माईक जवळ ओढला.

"तो माझा निर्णय होता."

*

थोरल्याने मोबाईल खिशात ठेवला. बहिणीचं ते वाक्य त्याने ऐकलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या हलकेपणाची शरमही वाटली, पण आधी हलकंच वाटलं होतं.

तेवढ्यात साहेब पुढे झुकले. माणूस तसा वाईट नव्हता. आपल्या हाताखालच्या मुलीची तिच्याच वडिलांनी भरसभेत केलेली नाचक्की त्यांना बघवली नव्हती.

"नाही, हे बरोबर नाही," ते म्हणाले. "यांच्या मूळ नकाशात मागच्या बाजूला तीन दारं होती. यांनी त्यासाठी आमच्याशी भांडण केलंय. दारं आम्ही काढली, आणि ती दुकानदारांच्या मागणीवरून. तेवीस दुकानदारांचं पत्र आहे." त्यांनी फायलीतून कागद काढून अधिकारी बाईंपुढे सरकवला. मदत केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"साहेब, ते पत्र..." धाकटी म्हणाली.

पण बाई वाचू लागल्या होत्या, मोठ्याने, सरकारी सुरात. " 'मागील वस्तीकडील दारे ठेवू नयेत ही विनंती. तेथून येणारे लोक खरेदी करणार नाहीत. नुसते बसतील, गप्पा मारतील आणि स्वच्छतागृह वापरून जातील. त्यामुळे खऱ्या ग्राहकांची गैरसोय होईल.' खाली सह्या आहेत." त्यांनी चष्मा सारखा केला आणि दुकानांची नावं वाचायला सुरुवात केली. पाचवं नाव होतं बटणवाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू लगेच थांबलं, पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

थोरल्याने आईकडे बघायचं टाळलं. तिची पर्स त्याला दिसत होती. पर्सवरचे हात हलले नाहीत. पत्र सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं, मजकूर दुकानदार संघटनेच्या सचिवाचा होता, सही न करणारा एकटा पडला असता. हे सगळं खरं होतं आणि यातलं एकही वाक्य आता कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. 'स्वच्छतागृह' हा शब्द सचिवाने त्याला विचारून घातला होता. "घाल की," तो म्हणाला होता. "रोज तेच चालेल."

*

सहाच्या सुमारास अधिकारी बाईंनी निष्कर्ष वाचला. लोकमत बहुतांशी अनुकूल असल्याने दुसऱ्या टप्प्याला मंजुरीची शिफारस. मागील बाजूस दार ठेवण्याबाबत विचार व्हावा.

"विचार व्हावा म्हणजे व्हायचं नाही," पोस्टमन जिना उतरताना म्हणाला. "आयुष्यभर सरकारी टपाल वाटलंय मी."

अण्णा उतरले नाहीत. टेबलापाशी धाकटी नकाशांच्या गुंडाळ्या करत होती. ते जवळ जाऊन उभे राहिले. एक गुंडाळी घरंगळली, ती त्यांनी पकडून दिली.

"तू सांगायचंस," ते म्हणाले.

"कुणाला? तुम्ही तेव्हा बोलत नव्हता माझ्याशी."

"दादासाठी गप्प राहिलीस?"

"दादासाठी नाही. त्याची सही आहे हे आईला कळू नये म्हणून. भिंत माझी म्हटलं की तुम्ही रागवाल, एवढंच होतं. तुम्ही तसेही रागावलेलेच होता." तिने रबर ताणून गुंडाळीला घातलं. "तुमच्या रागात तेवढी जागा होती."

"मी मघाशी जे बोललो..."

"ते इतिवृत्तात गेलं, अण्णा. अनुक्रमांक सतरा." ती आवाज न चढवता बोलत होती, त्यामुळे त्यांना जास्त लागत होतं. "मतं वाचायचं काम पुढच्या वेळीही मलाच देणार आहेत. तेव्हा पुन्हा वाचीन. आज नको."

ती गेली. तिचं राहतं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि त्या दिवशी तिने कुणाचाही निरोप घेतला नाही.

बाहेर थोरला गाडी चालू करून थांबला होता. त्याने मागचं दार उघडलं. आई गाडीजवळून, उघड्या दाराला धक्का न लावता, पुढे चालू लागली. अण्णा तिच्या मागोमाग निघाले. दोघं भिंतीच्या कडेला पोचली.

"एकतीस वर्षं," अण्णा म्हणाले. "मी समोरच्याच फळीवर बसून रंगवत असायचो. मला एकदा तरी सांगायचंस."

"तुम्हाला सांगून काय झालं असतं?"

"काहीतरी केलं असतं."

"पाटी रंगवून दिली असती," आई म्हणाली. "सुंदर अक्षरात. खोली कुणी बांधली नसती."

थोड्या वेळाने तिचा वेग मंदावला, तसा त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. झटकलाही नाही.

दोघं घरी पोचली तर थोरला आधीच दारात उभा होता. गाडीने तो केव्हाच वळसा घालून आला होता. आईने कुलूप काढलं, दिवा लावला, आत जाऊन आधी आपलं आटपून आली, मग तोंड धुतलं. तोवर तो स्वयंपाकघरात येऊन उभा होता.

"आई, ते पत्र मी लिहिलेलं नाही. तेवीस जण होतो. मी एकट्याने नाही म्हटलं असतं तरी..."

"जेवलायस का?"

"आई, ऐक ना. तुझ्याबद्दल नव्हतं ते. तू थोडीच त्यांच्यातली आहेस? ते म्हणजे असे..." बाहेर वस्तीच्या दिशेने त्याने हात केला, त्या दिशेला शेजाऱ्यांची घरं होती, पोस्टमनचं घर होतं, आणि मग तो हात त्याने खाली घेतला.

अण्णा उंबऱ्यातच थांबले होते. मुलाला हाकलून द्यावं, असं त्यांना वाटत होतं. पण आज बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि त्यातलं निम्मं चुकीच्या माणसाला.

आईने टेबलाखालची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि थोरल्यापुढे केली.

"बस," ती म्हणाली. "इथं नुसतं बसलं तरी चालतं."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आईने भाताचं पातेलं गॅसवर चढवलं, पाणी मोजून ओतलं, झाकण ठेवलं. भात झाला, निवला, तिघांची पानं वाढून झाली, तरी तो बसला नाही.